मदत हवी आहे: ‘१९५६ ची ओरिजिनल’ मॅसी ३५, पण इंजिन ३ सिलिंडरचं?

नमस्कार मंडळी,

सांगलीकडे एक मॅसी फर्ग्युसन ३५ (ट्रॅक्टर) विकायला आहे आणि आमच्या काकांचा जीव तिच्यावर जडलाय. विकणारा म्हणतो, १९५६ ची, इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीत बनलेली, ‘नटबोल्टासकट ओरिजिनल’, फक्त रंग नवा. दिसते झकास, पहिल्या सेल्फला सुरू होते. माझी शंका तिथूनच सुरू झाली.

मला माहीत आहे त्याप्रमाणे ५६ साली कॉव्हेंट्रीच्या बॅनर लेन कारखान्यातून निघायचा तो फर्ग्युसन ३५: पत्रा करडा, खाली इंजिन तांबूस-सोनेरी. लाल रंग आणि मॅसी फर्ग्युसन हे नाव ५७ च्या अखेरीस आलं. शिवाय तेव्हाच्या डिझेलला स्टँडर्ड कंपनीचं ४ सिलिंडरचं इंजिन असायचं, जे थंडीत सुरू व्हायला जीव खायचं. पर्किन्स कंपनीचं ३ सिलिंडर इंजिन ५९ च्या शेवटी बसायला लागलं. या गाडीच्या पंपातून नोझलकडे तीनच पाइप जातात, मी बोटाने मोजले, म्हणजे सिलिंडरही तीनच.

हे विचारलं तर उत्तर आलं, “इंजिन मागेच बदललंय.” मग ओरिजिनल काय राहिलं?

बॅटरीच्या ट्रेखाली नखाने खरवडून पाहिलं. लालाखाली पुन्हा लालच, करडा कुठेही नाही. डॅशवरची नंबरची पाटी झिजलेली, पण ती धरणारे स्क्रू कोरे करकरीत, तेही स्टारचे. पुढच्या बोल्टांना १३ आणि १७ चा पाना चपखल बसला, म्हणजे मिलिमीटरचे, जुन्या इंग्लिश गाडीसारखे इंची नाहीत. बॉनेट, मडगार्ड बाजारात नवे मिळतात, त्यावरून मी काही ठरवत नाही.

माझा अंदाज असा की हा मद्रासच्या टॅफे या ट्रॅक्टर कंपनीचा असावा. त्यांनी १९६१ पासून मॅसी काढायला सुरुवात केली. तसा निघाला तर माझी काही हरकत नाही, जुना टॅफेही जपण्यासारखाच आहे. पण मग पैसे टॅफेचे द्यायचे, कॉव्हेंट्रीचे नाहीत. काकांना हे पटत नाही, ते आरसी बुकावरच्या सालावर ठाम आहेत. साल तिथे पेनने लिहिलंय!

जाणकारांनी एवढं सांगा:

४ सिलिंडरच्या गाडीला पर्किन्स ३ बसवताना पुढचा ॲक्सल-सपोर्ट, रेडिएटर बदलावा लागतो का? लागत असेल तर त्या बदलाच्या खुणा कुठे दिसतील?

गिअरबॉक्स आणि मागच्या हाउसिंगवर ओतकामाचे आकडे असतात म्हणे. ते नेमके कुठे शोधायचे, आणि टॅफेचे कसे ओळखायचे?

डायनामो लुकासचा आहे, अंगावर महिना-साल ठोकलेलं असतं, पण रंगाने बुजलंय. थिनर लावला तर आकडे जातील का? मालक रंगाला हात लावू देईल असं वाटत नाही, तेव्हा दुसरी काही युक्ती असेल तर तीही सांगा.

रविवारी काकांसोबत पुन्हा जातोय. त्याआधी उत्तर आलं तर फार बरं होईल, कारण ते खिशात बयाणा घेऊनच निघणार आहेत.