क्रीटला जायचंय, कामापुरतं ग्रीक कसं शिकू? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,
सप्टेंबरअखेर आई-बाबांना घेऊन क्रीट या ग्रीक बेटावर जातोय. हेराक्लिओनला उतरून पुढे रेथिम्नो आणि हानिया, सगळं केटेलच्या (तिथली गावोगावची बससेवा) बसने. कालिमेरा (सुप्रभात), एफ्हारिस्तो (धन्यवाद), पाराकालो (कृपया) एवढं झालंय. अडतंय ते लिपीपाशी. अक्षरं 24च, पण फसवी: इंग्रजी 'पी'सारखं दिसतं तो 'र', 'एच'सारखं दिसतं ती 'ई', आणि गणितातला बीटा इथे चक्क 'व'! पाट्या वाचण्यासाठी आधी मोठी अक्षरं घोटावीत की छोटी-मोठी एकदमच?

दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा. आई पक्की शाकाहारी, अंडंही चालत नाही. गेमिस्ता, म्हणजे भात भरलेले टोमॅटो-ढोबळी मिरच्या, तिला आवडतील. पण त्यात कधी कधी खिमाही असतो म्हणे. तिथल्या उपासाच्या पदार्थांत मांस, दूध, अंडी नसतात, मात्र कोळंबी-कालवं चालतात (आपल्या साबुदाण्याच्या मानाने भारीच उपास). तर गावातल्या खानावळीत 'मांस, मासे, अंडं काहीच नको' हे नेमकं कसं सांगायचं? कुणी ते वाक्य देवनागरीत, आघात कुठे द्यायचा त्या खुणेसह लिहून द्याल का? व्हॉइस नोट असेल तर उत्तमच, बाबा पाठ करायला तयार आहेत.