जेडीबीसीअपेंडरच्या सबक्लासमधून कनेक्शन पूलमध्ये परत जात नाही

प्रश्न
लॉगच्या नोंदी डेटाबेसमध्ये लिहिण्यासाठी मी लॉगफोरजे १.२ या जावाच्या लॉग लायब्ररीतील जेडीबीसीअपेंडर या क्लासचा सबक्लास (त्यावर आधारलेला क्लास) केला असून, कनेक्शन हिकारीसीपी पूलमधून (पुन्हा पुन्हा वापरायच्या तयार कनेक्शनांच्या साठ्यातून) मिळावे म्हणून त्यात ‘गेटकनेक्शन’ ओव्हरराइड केले आहे (मूळ मेथडच्या जागी माझी मेथड दिली आहे). कनेक्शन परत करण्यासाठी ‘प्रोटेक्टेड व्हॉइड क्लोजकनेक्शन()’ ही मेथडदेखील लिहिली आहे. पहिल्या १० नोंदी टेबलमध्ये नीट येतात, परंतु अकराव्या नोंदीला सगळे थ्रेड (प्रोग्राममधील समांतर चालणारी कामे) ३० सेकंद खोळंबतात. पूल २० चा केला, तर एकविसाव्या नोंदीला तेच होते. एरर मात्र कन्सोलवर एकदाच दिसली.

उत्तर १
आपल्या मेथडचा कंस रिकामा आहे, आणि दोष तेथेच आहे. मूळ क्लासमधील क्लोजकनेक्शन ‘कनेक्शन’ प्रकारचा एक पॅरामीटर घेते. त्यामुळे आपण लिहिलेली मेथड ओव्हरराइड न होता ओव्हरलोड (त्याच नावाची, पण वेगळी मेथड) झाली आहे. डेटाबेसला दिलेल्या प्रत्येक एसक्यूएल आज्ञेनंतर मूळ ‘एक्झिक्यूट’ पॅरामीटरवाली मेथड बोलावते, आणि तिची मूळ बॉडी रिकामी असते, कारण तेथे एकच कनेक्शन शेवटपर्यंत उघडे ठेवण्याची कल्पना आहे. बफरसाइज (किती नोंदी साठल्यावर लिहायचे तो आकडा) मुळात १ असल्याने दर नोंदीमागे एक कनेक्शन गळते. हिकारीची मूळ मर्यादा १० कनेक्शनांची आणि प्रतीक्षा ३० सेकंदांची आहे, म्हणून आपले आकडे तंतोतंत जुळतात. मेथडवर ‘@ओव्हरराइड’ लिहिले असते, तर कंपायलरनेच अडवले असते. ते प्रत्येक ठिकाणी लिहावे, असा माझा आग्रह आहे. एरर एकदाच दिसली, कारण मूळ एररहँडलर (चुका हाताळणारा भाग) फक्त पहिली चूक छापतो.

उत्तर २
वरील निदान बरोबर आहे. दुरुस्ती करताना दोन गोष्टी सांभाळा. पूलकडून कनेक्शन मिळाले नाही, तरी ‘फायनली’मधून (चूक झाली तरी चालणाऱ्या भागातून) ही मेथड बोलावली जातेच आणि तेव्हा पॅरामीटर नल (रिकामा) असतो, तो न तपासता ‘क्लोज’ केल्यास नलपॉइंटरएक्सेप्शन ही चूक थेट ॲप्लिकेशनपर्यंत पोहोचेल, कारण अपेंडर फक्त एसक्यूएलएक्सेप्शन पकडतो. दुसरे म्हणजे, मूळ मेथडला ‘थ्रोज’ (एक्सेप्शन बाहेर जाऊ देण्याची घोषणा) नसल्यामुळे क्लोज करताना येणारे एसक्यूएलएक्सेप्शन आतच पकडून एररहँडलरकडे द्यावे लागेल.

प्रश्नकर्ता
पॅरामीटर घातला, नल तपासला आणि हिकारीचा लीकडिटेक्शनथ्रेशोल्ड (कनेक्शन इतक्या वेळात परत न आल्यास इशारा देणारी मर्यादा) २००० मिलिसेकंद ठेवून ५०० नोंदी लिहिल्या. एकही इशारा आला नाही आणि कोठेही अडले नाही. मनापासून आभार.

उत्तर ३
शक्य असल्यास लॉगफोरजे २ वर जावे. पहिल्या आवृत्तीचा आधार ऑगस्ट २०१५ मध्येच संपला असून, हाच अपेंडर संदेश थेट एसक्यूएलमध्ये जोडत असल्याने त्यात इंजेक्शनचा, म्हणजे संदेशातून परकी एसक्यूएल आज्ञा घुसवली जाण्याचा, धोका आहे (सुरक्षा-त्रुटी क्रमांक सीव्हीई-२०२२-२३३०५). नव्या आवृत्तीत कनेक्शनचा स्रोत कॉन्फिगरेशनमधून देता येतो, त्यामुळे हा सबक्लास लिहावाच लागत नाही.