शब्दचर्चा : ‘स्वतंत्र’, ‘स्वयंप्रकाशित’ की चक्क ‘अपक्ष’?

इंदिरानगरवाला :

मंडळी, अडचण कागदाच्या एका पट्टीची आहे. आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये पुस्तकांचं लोखंडी कपाट आहे आणि त्याची किल्ली माझ्याकडे असते. कप्प्यांवर मी पट्ट्या चिकटवतो: चरित्रं, प्रवास, विज्ञानकथा, पाककृती. या पावसाळ्यात लागोपाठ सहा फँटसी, म्हणजे जादूच्या दुनियेतल्या, कादंबऱ्या वाचून झाल्या. सहाही ‘इंडी’, म्हणजे लेखकानं प्रकाशकाकडे न जाता, किंवा जाऊन हात हलवत परत येऊन, स्वतःच काढलेल्या. चार इंग्रजी, दोन मराठी. छापील होत्या तेवढ्या कपाटात लावल्या आणि पट्टीवर ठसठशीत लिहिलं, ‘स्वतंत्र अद्भुत कादंबऱ्या’.

दोन दिवसांत तिघांनी गाठलं. दुसऱ्या मजल्यावरच्या आजी म्हणाल्या, “स्वतंत्र आहेत ना? बरं झालं. अनुवादित मला वाचवत नाही बाई.” अकरावीतला एक मुलगा म्हणाला, “काका, स्वतंत्र म्हणजे एकातच संपते ना? पुढचे सहा भाग नाहीत ना?” आणि वॉचमनदादा म्हणाले, “साहेब, यांच्यासाठी स्वतंत्र कप्पा केला वाटतं.”

तिघांचंही बरोबर. घराच्या जाहिरातीत स्वतंत्र नळ, स्वतंत्र जिना असतो, तिथे त्या नळानं कुणाविरुद्ध बंड केलेलं नसतं. कादंबरीला ‘स्वतंत्र’ म्हटलं की ती कुणाचं भाषांतर-रूपांतर नाही, असं आपण धरून चालतो. आणि मालिकेतली नाही हा अर्थही पोरानं काढलाच. मला जो अर्थ हवा होता तो मात्र एकालाही लागला नाही. तर या ‘इंडी’ला म्हणायचं काय? दुसरा प्रश्न ‘अद्भुत’चा. ते ठेवावं की ‘कल्पनारम्य’ करावं?

सातपूरकर :

काका, इंडीच म्हणा ना. पोरांना कळतं. आजींना तुम्ही समजावून सांगा.

पंचवटीकर :

घाई नको. ‘स्वतंत्र’ वाईट नाही, तुम्ही ते चुकीच्या नामाला जोडलंत. पाणिनीचं सूत्र आहे, ‘स्वतन्त्रः कर्ता’. क्रियेत जो स्वतःच्या तंत्रानं वागतो तो कर्ता. पुस्तक काढण्याच्या क्रियेचा कर्ता लेखक आहे, म्हणून स्वतंत्र झाला तो लेखक. कादंबरी बिचारी कर्म. तिला स्वतंत्र म्हणून काय उपयोग? मी तेहतीस वर्षं संस्कृत शिकवलं, पोरं कर्ता-कर्मातच मार खायची.

सातपूरकर :

सर, पण ‘स्वतंत्र लेखक’ म्हणजे नोकरी न करता लेखनावर जगणारा. परत गोंधळ! आणि तंत्राचंच म्हणाल तर फँटसीत प्रत्येक कादंबरीची जादूची वेगळी पद्धत असते, तिचे स्वतःचे नियम असतात. स्वतःचं तंत्र आहे म्हणून स्व-तंत्र. जमतंय की!

पंचवटीकर :

कोटी आहे, पण व्युत्पत्तीला धरून आहे. अर्धा गुण.

नाशिकरोडची ताई :

मी बरीच वर्षं अक्षरजुळणी करते आणि प्रुफं बघते, म्हणून लिहिते. सध्या पुष्कळ जण ‘स्वयंप्रकाशित’ लिहितात. शब्द सरळ आहे, पण मला शाळेतला भूगोल आठवतो. तारे स्वयंप्रकाशित आणि चंद्र परप्रकाशित. त्या हिशेबानं मोठ्या प्रकाशकाकडून आलेला प्रत्येक लेखक परप्रकाशित ठरतो. काही जण आहेतही, ते सोडा.

खरी गंमत पुस्तकाच्या चौथ्या पानावर असते. मुखपृष्ठ, अक्षरजुळणी, मुद्रक, मूल्य यांच्या वर ‘प्रकाशिका : सौ. अमुक अमुक’ आणि खाली जो पत्ता तोच लेखकाचा पत्ता. माझ्या हातून अशी कितीतरी पानं गेली. पुस्तकाच्या ओळखीचा आयएसबीएन क्रमांक आपल्याकडे फुकट मिळतो, अर्ज करायचा. त्यामुळे बायकोच्या नावानं एका पुस्तकापुरती प्रकाशन संस्था उभी राहते आणि दोनशे प्रती पलंगाखाली जातात. आम्ही याला वेगळा शब्द वापरत नाही. ‘लेखकाचं काम आहे’ एवढंच म्हणतो. म्हणजे बिल लेखकाला द्यायचं.

बाकी जुना शब्द आहेच की, पदरमोड. पदराला गाठ मारून ठेवलेला पैसा मोडायचा. ‘पदरमोड करून काढलेली कादंबरी’ म्हटलं तर आजी, अकरावीवाला आणि वॉचमन तिघांनाही एकदाच कळेल.

इंदिरानगरवाला :

ताई, पदरमोड आवडला, पण त्यात कीव आहे. पदरमोड म्हटलं की पैसे बुडालेच असं वाटतं. किंडलवर, म्हणजे अॅमेझॉनच्या ई-पुस्तकांच्या दुकानात, पुस्तक चढवायला छपाईचा खर्चच नाही. तिथे विकलेल्या प्रतीमागे लेखकाला किमतीनुसार ३५ किंवा ७० टक्के मिळतात. मी वाचलेल्या चार इंग्रजी लेखकांपैकी निदान दोघांचं घर त्यावर चालत असावं, असं त्यांच्या पुस्तकांच्या रांगेवरून दिसतं.

शिवाय इंग्रजीतला ‘इंडी’ ऐसपैस आहे. स्वतः काढणारा त्यात येतो आणि चार माणसांचं छोटं प्रकाशनही येतं. आणि लेखकाकडून पैसे घेऊन पुस्तक काढून देणारे असतात ते वेगळेच. पदर तिथेही मोडतो, पण लेखकाच्या हातात काही राहत नाही. पूर्वी अशाच एकाला मी पैसे मोजले होते. कवितासंग्रह होता. जाऊ दे.

सिडकोकर :

इतका घोळ कशाला? निवडणुकीत इंडिपेंडंट उभा राहतो त्याला आपण काय म्हणतो? अपक्ष. अपक्ष कादंबरी!

सातपूरकर :

हे भारी. चिन्ह काय, शिट्टी का कपबशी? 😄

इंदिरानगरवाला :

हसण्यावारी नेऊ नका, यात दम आहे. अपक्षाचं पुढे काय होतं? निवडून आला की दुसऱ्या दिवशी पक्षात. ‘लेजंड्स अँड लाटेज’ घ्या. एक ऑर्क, म्हणजे फँटसीतल्या राक्षसी जमातीतली, बाई तलवार टांगून ठेवते आणि कॉफीचं दुकान काढते, एवढीच गोष्ट. लेखकानं ती २०२२ च्या सुरुवातीला स्वतः काढली आणि त्याच वर्षी मोठ्या प्रकाशकानं उचलली. ‘एरागॉन’चं तेच, २००२ मध्ये घरच्यांनी छापली, २००३ मध्ये मोठ्या घरात गेली. आता या कादंबऱ्या इंडी का? ‘स्वयंप्रकाशित’ म्हणावं तर आजच्या प्रतीवर दुसऱ्याचा शिक्का. ‘अपक्ष म्हणून निवडून आलेली’ म्हटलं की सगळा प्रवास एका शब्दात येतो.

पंचवटीकर :

एक विघ्न आणतो. संस्कृतात पक्ष म्हणजे पंखही. अपक्ष म्हणजे ज्याला पंख नाहीत असा. तुमच्या कपाटातल्या निम्म्या मुखपृष्ठांवर ड्रॅगन असतील. त्यांना अपक्ष म्हणणार?

सातपूरकर :

सर 🙏

नाशिकरोडची ताई :

परवा एकांनी ‘लेखकीय प्रकाशन’ असं लिहून पाठवलं होतं. मी काही न बोलता छापलं.

सातपूरकर :

बरं, आता थोडं गंभीर. बाहेर या लोकांनी नाव न बदलता मान मिळवलाय. २०१५ पासून तिकडे स्वतः काढलेल्या फँटसीची एक स्पर्धा चालते. एका प्रस्थापित लेखकानं सुरू केली. साधारण तीनशे पुस्तकं, दहा समीक्षक, प्रत्येकाच्या वाट्याला तीस, आणि प्रत्येकानं एक निवडून अंतिम दहात धाडायचं. प्रवेश फी नाही. बक्षीस काय माहितीये? सेल्फी स्टिक. स्वतःच स्वतःचा फोटो काढायची काठी! शब्दाचा एवढा नेमका अर्थ तर कोशातही सापडत नाही.

पंचवटीकर :

ही काठी आवडली. आपल्याकडचा दाखला देतो. साठच्या दशकात ‘लिटल मॅगझिन’ची चळवळ मराठीत आली तेव्हा कुणी ‘छोटं मासिक’ म्हटलं नाही. ‘अनियतकालिक’ म्हटलं. शब्द सोडला आणि वागणं पकडलं: हे नेमानं निघत नाही, पैसे जमले की निघतं. तुमच्या ‘इंडी’चं वागणं काय, ते आधी सांगा.

इंदिरानगरवाला :

सर, सहा पुस्तकांवरून सांगतो. त्यांचं वागणं म्हणजे त्यांना कुणी अडवलेलं नसतं. चांगल्या अर्थानं आणि वाईटही.

एका इंग्रजी कादंबरीत जादू केली की माणसाची एक आठवण जाते. शेवटी नायक आईचं नाव विसरतो. लेखक ते नाव आपल्यालाही सांगत नाही, हाक अर्धवट सोडून प्रकरण संपवतो. पुढे कोरं पान. खर्च वाचवू पाहणाऱ्या प्रकाशकानं ते पान बहुधा काढायला लावलं असतं. मी त्या कोऱ्या पानावर बराच वेळ थांबलो.

दुसरी सातशे पानांची. आधी नकाशा, मग वंशावळ, मग नियम. तिसऱ्या पातळीचा अग्निमंत्र चौथ्या पातळीच्या कवचावर चालत नाही, पौर्णिमेला अर्धी पातळी जास्त. वीजबिलाच्या मागचे स्लॅब वाचतोय असं वाटायला लागलं. हिला संपादकानं अडवायलाच हवं होतं. उरलेल्या दोन इंग्रजी बऱ्या होत्या, पण दोघींचाही पुढचा भाग घ्यावासा वाटला नाही.

म्हणूनच ‘अद्भुत’वर अडलोय. अद्भुत रसाचा स्थायी भाव विस्मय, एवढं मलाही माहीत आहे. पहिलीत विस्मय आहे. दुसरीत जादू पोतंभर आहे आणि विस्मय चिमूटभर नाही. मग ती अद्भुत कशी?

पंचवटीकर :

ते पुस्तकाचं अपयश, शब्दाचं नव्हे. विनोद जमला नाही तरी त्याला विनोदच म्हणतात. ‘अद्भुतरम्य’ हा आपला जुना, कसाला लागलेला शब्द आहे. आपलं नाशिकचं सार्वजनिक वाचनालय निघालं १८४० साली. त्यानंतर एकवीस वर्षांनी हळब्यांची ‘मुक्तामाला’ आली आणि १८६८ मध्ये रिसबुडांची ‘मंजुघोषा’. मराठी कादंबरीचं बालपणच या अद्भुतात गेलं. पुढे वास्तवाचं वारं आलं आणि ‘अद्भुतरम्य’ हा टीकेचा शब्द झाला, म्हणजे पोरकट, सुटलेलं. तुम्हा लोकांना त्या शब्दाची जी लाज वाटते ती तिथून आलेली आहे. ‘कल्पनारम्य’ त्या मानानं पाणचट. कल्पना कुठल्या कादंबरीत नसते?

सिडकोकर :

‘अद्भुतिका’ ऐकलंय मी. शोकांतिकेसारखं.

नाशिकरोडची ताई :

पुस्तक मोठं आणि पुस्तिका बारकी. नाटक आणि नाटिकेचं तेच. सातशे पानांना अद्भुतिका म्हटलं तर बाइंडर हसेल.

पंचवटीकर :

शोकांतिका बारकी नसते, ताई. पण कानाला तुमचं पटतं.

इंदिरानगरवाला :

विज्ञानकथेचं नशीब बघा. २०२१ च्या डिसेंबरात आपल्या नाशकात साहित्य संमेलन झालं, अध्यक्ष जयंत नारळीकर. विज्ञानकथा हा शब्द कुणाला फोडून सांगावा लागत नाही. फँटसीला मात्र अजून बारशाचंच जमेना.

सिन्नरकर :

तुम्ही पट्टीवर अडलात, मी आतल्या शब्दांवर अडलो. इंदिरानगरवाल्या दादांनी दिली म्हणून त्या दोनांतली एक मराठी कादंबरी मीही वाचली. त्यात गोदावरीच्या डोहात मुंजा राहतो. मुंजा पाण्यात? मुंज झाली आणि सोडमुंजीआधी गेला तो मुंजा, त्याचं ठिकाण पिंपळ. पाण्यात ओढतो तो गिऱ्हा. डोहाकाठी असतात त्या साती आसरा, शेंदूर लावलेले सात दगड. एवढी मोठी जमात घरात असताना एकाला उचलून दुसऱ्याच्या घरात कोंबायचं कशाला? आमच्या आजीनं पुस्तक तिथेच मिटलं असतं.

इंदिरानगरवाला :

मान्य, शंभर टक्के. पण त्याच पुस्तकातलं पुराचं प्रकरण विसरू नका. पूर किती आला हे आपण गोदाघाटावर दुतोंड्या मारुतीवरून सांगतो: गुडघ्याला लागलं, कमरेला, छातीला. कादंबरीत पाणी छातीपर्यंत येतं आणि लोक पुलावरून बघत असतात. मग पाणी उतरायला लागतं, पण मारुतीच्या छातीवरची ओली रेघ तशीच वर चढत राहते. पाणी खाली आणि रेघ वर! एवढं एकच वाक्य आहे, ‘जादू’ हा शब्दही नाही. मी पुलावरून जाताना आता त्या छातीकडे बघतो.

आणि दुसरी मराठी नेमकी ‘जादू’ या शब्दावरच आपटली. तिच्यातला महाज्ञानी म्हातारा ‘जादूगार’ आहे. दर वेळी मला टोपीतून कबूतर निघणार असं वाटायचं.

सातपूरकर :

मग काय म्हणायचं त्याला? मांत्रिक?

सिन्नरकर :

मांत्रिक म्हणजे लिंबू, बिब्बा आणि कोंबडं. त्यात २०१३ च्या कायद्यानंतर जादूटोणा म्हटलं की पोलीस स्टेशन आठवतं. ‘चेटक्या’ म्हणा, पण तो वाईटच लागेल. ‘किमयागार’ जरा सभ्य.

पंचवटीकर :

किमया अरबीतून आली, किमयागार मुळात हलक्या धातूचं सोनं करू पाहणारा. तरी मराठीत तिला चांगला वास आहे. नुसतं ‘सिद्ध’ म्हटलं तरी भागतं. नाशिक-त्र्यंबकच्या माणसाला सिद्ध समजावून सांगावा लागत नाही.

नाशिकरोडची ताई :

दादा, पट्टीचं काय केलंत शेवटी? कपाट उघडं पडलं असेल.

इंदिरानगरवाला :

काल बदलली. ‘अद्भुत कादंबऱ्या’ मोठ्या अक्षरात, खाली बारीक अक्षरात ‘लेखकांनी स्वतः काढलेल्या’. एका शब्दात बसलं नाही, पट्टी दोन ओळींची झाली. आजींनी वाचलं आणि विचारलं, “स्वतः काढलेल्या म्हणजे चित्रं का रे?”

सिडकोकर :

अपक्ष म्हणा, सांगतोय मी!

इंदिरानगरवाला :

सिन्नरकर, एक राहिलं. मुंजाचं त्या लेखकाला कळवायचं का? माणूस मन लावून लिहितो, दुसऱ्या आवृत्तीत दुरुस्त करेल.

सिन्नरकर :

कळवा की. फक्त चौथं पान बघून घ्या. तिथे प्रकाशक म्हणून वहिनींचं नाव आहे, पत्र आधी त्यांच्या हातात जाणार. भाषा जरा जपून.