स्टीम फ्रेम येईपर्यंत थांबावे, की क्वेस्ट ३ मागवावा?

सह्यवासी

संगणकावरील खेळांचे ‘स्टीम’ हे दुकान चालवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीने १२ नोव्हेंबर २०२५ रोजी स्टीम फ्रेम हा डोळ्यांवर लावून आभासी जगात वावरण्याचा नवा व्हीआर हेडसेट जाहीर केल्यापासून मी त्याविषयी मिळेल ते वाचत आहे, आणि जितके अधिक वाचतो तितका माझा निर्णय अवघड होत चालला आहे. माझ्याकडे चार वर्षांपूर्वीचा एक हेडसेट आहे. संगणकावरचे खेळ वायफायमार्गे त्यावर खेळणे हाच माझा मुख्य वापर. आमच्या इमारतीत घरटी एक राउटर असल्यामुळे संध्याकाळी चित्र अडखळू लागते, दाट झाडीच्या किंवा अंधाऱ्या दृश्यांत चौकोन उमटतात, आणि डोके वळवल्यावर चित्र मागे राहिले की जी मळमळ सुरू होते ती तासभर जात नाही.

माझा मावसभाऊ जानेवारीत अमेरिकेहून येणार आहे आणि तो मेटा कंपनीचा क्वेस्ट ३ हा हेडसेट आणण्यास तयार आहे. दुसरीकडे, स्टीम फ्रेमसोबत संगणकाला जोडण्याचा स्वतंत्र ६ गिगाहर्ट्झ अडॅप्टर मिळणार असून, नजर जिथे असेल तेवढाच भाग पूर्ण स्पष्टतेने पाठवण्याची सोय त्यात आहे, असे व्हॉल्व्ह सांगते. ही सोय खरोखर उपयोगाची आहे का, की जाहिरातीपुरती? आणि नजरेच्या कडेला असलेले पुसट चित्र जाणवणार नाही का?

पीतबिंदू

या घोषणेतील मला सर्वाधिक महत्त्वाची वाटलेली गोष्ट तुम्ही नेमकी विचारली आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

आपल्या दृक्पटलावरील ज्या लहानशा खळग्याने आपण अक्षरे वाचतो, त्याच्या वाट्याला दृष्टीच्या क्षेत्रातील जेमतेम दोन अंशांचा भाग येतो. हात लांब करून अंगठ्याच्या नखाकडे पाहावे, साधारण तेवढा. त्याच्या बाहेर स्पष्टता झपाट्याने उतरते, पण डोळा सेकंदाला अनेक वेळा जागा बदलत असल्याने सगळेच स्पष्ट दिसत असल्याचा आपला समज होतो. स्टीम फ्रेममध्ये प्रत्येक डोळ्यासाठी २१६० × २१६० बिंदूंचा पडदा आहे आणि तो सेकंदाला ७२ ते १४४ वेळा बदलतो. एवढे चित्र बिनतारी मार्गाने सर्वत्र सारख्या गुणवत्तेने पाठवायचे तर ते फार दाबावे, म्हणजे त्यातील बारकावे गाळून लहान करावे लागते, आणि तुम्हाला दिसणारे चौकोन हा त्या दाबण्याचाच परिणाम आहे. नजरेचा मागोवा घेणारे कॅमेरे आत असतील, तर उपलब्ध क्षमतेचा मोठा वाटा नजरेखालच्या भागाला देता येतो.

सोनीच्या पीएसव्हीआर२ या हेडसेटमध्ये २०२३ पासून हेच तत्त्व चित्र रेखाटण्यासाठी वापरले जाते, परंतु तिथे प्रत्येक खेळाच्या निर्मात्याला त्यासाठी वेगळे काम करावे लागते. व्हॉल्व्हने ते चित्र पाठवण्याच्या टप्प्यावर आणल्यामुळे जुन्या खेळांनाही कोणताही बदल न करता त्याचा लाभ मिळेल, आणि माझ्या उत्साहाचे खरे कारण हेच आहे. कडेचे पुसटपण जाणवेल का, याचे उत्तर नजर हलल्यापासून नवे चित्र येईपर्यंत किती विलंब होतो यावर अवलंबून आहे. मित्राकडे पीएसव्हीआर२ वापरताना मी मुद्दाम कडेला पाहून ते पुसटपण पकडण्याचा प्रयत्न केला, पण मला ते पकडता आले नाही; मात्र तिथे चित्र तारेतून येते, हा फरक लक्षात ठेवावा लागेल.

खडकमाळ

तंत्र सुंदर आहे हे मला मान्य आहे, तरीही आपल्याकडच्या खरेदीदाराने आज थांबण्याचा निर्णय घेण्यापूर्वी काही गोष्टींचा विचार केला पाहिजे असे मला मनापासून वाटते.

पहिली आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे ६ गिगाहर्ट्झचा पट्टा, म्हणजे तो अडॅप्टर ज्या रेडिओलहरी वापरतो त्यांचा पट्टा. अमेरिकेने ५९२५ ते ७१२५ मेगाहर्ट्झ हा संपूर्ण पट्टा २०२० मध्येच परवान्याविना वापरास खुला केला. आपल्या दूरसंचार विभागाने त्यातील खालचा, ५९२५ ते ६४२५ मेगाहर्ट्झचा भाग घरातील कमी शक्तीच्या उपकरणांसाठी खुला करण्याच्या नियमांचा मसुदा मे २०२५ मध्ये प्रसिद्ध केला, परंतु २०२५ च्या अखेरपर्यंत अंतिम नियम लागू झालेले नव्हते. हा प्रश्न कागदावरचा नाही. प्लेस्टेशन ५ प्रो हे खेळांचे यंत्र भारतात न आणण्याचे कारण देताना सोनीने याच पट्ट्याचा उल्लेख केला होता. ज्या अडॅप्टरवर या हेडसेटची सगळी मदार आहे, तोच इथे नियमात बसत नसेल, तर तुमच्या इमारतीतली अडचण सुटली असे म्हणता येणार नाही. त्यात व्हॉल्व्ह आपली उपकरणे भारतात अधिकृतपणे विकतच नाही. त्यांचा स्टीम डेक हा हातात धरून खेळण्याचा संगणकसुद्धा इथे बाहेरूनच आणावा लागतो, आणि बिघडल्यास दाद मागण्यासाठी जवळपास कोणी नसते. क्वेस्ट ३ चीही स्थिती तीच आहे, हे मान्य करतो.

दुसरे असे की यात संगणकाची तार थेट पडद्यापर्यंत नेण्याची सोय नाही. व्हॉल्व्हचाच २०१९ चा इंडेक्स हा हेडसेट ८०९ ग्रॅम वजनाचा आणि जड असला, तरी त्यात चित्र तारेतून, न दाबता पोहोचत असे. इथे ते प्रत्येक वेळी दाबूनच येणार. बाहेरची खोली दाखवणारे कॅमेरे कृष्णधवल आहेत, तर २०२३ मध्ये ५०० डॉलरला आलेला क्वेस्ट ३ तेव्हापासूनच तेच दृश्य रंगीत दाखवतो. पडदे एलसीडी, म्हणजे मागून सतत उजेड पडणारे आहेत, त्यामुळे काळोख राखाडी दिसेल. घोषणेच्या वेळी किंमत जाहीर झालेली नव्हती, फक्त ती इंडेक्सच्या संपूर्ण संचाच्या १००० डॉलरपेक्षा कमी ठेवण्याचा हेतू सांगितला गेला होता. या अंतरात बरेच काही मावते.

आणखी एक गोष्ट फारशी चर्चेत आली नाही. भिंगांमधील अंतर ६० ते ७० मिलिमीटर एवढेच बदलता येते. डोळ्यांच्या दोन बाहुल्यांमधील अंतर ६० पेक्षा कमी असलेली माणसे, विशेषतः स्त्रिया, पुष्कळ आहेत, आणि घरात हेडसेट एकच असतो.

दूरदेशी

मी सिएटलजवळ राहतो आणि व्हीआरसाठी सॉफ्टवेअर लिहिणे हा माझा व्यवसाय आहे. वरील आक्षेप योग्य आहेत. मला मांडायचा आहे तो मुद्दा वेगळा आहे.

हा हेडसेट म्हणजे स्नॅपड्रॅगन ८ जेन ३ चिप आणि १६ जीबी मेमरी असलेला, व्हॉल्व्हच्या स्टीमओएस या लिनक्सवर आधारित प्रणालीवर चालणारा पूर्ण संगणक आहे. विंडोजसाठी लिहिलेले खेळ व्हॉल्व्हच्या प्रोटॉन या सॉफ्टवेअरमार्गे आणि इंटेल घडणीच्या प्रोसेसरसाठीच्या सूचना फेक्स या अनुवादकामार्गे त्याच्यावर चालवण्याचा हा प्रयत्न आहे. २०१५ ची स्टीम मशीन ही खेळांची यंत्रे अपयशी ठरली तेव्हा त्यांच्यावर चालतील असे खेळच पुरेसे नव्हते. त्यानंतर कंपनीने प्रोटॉनवर वर्षानुवर्षे काम केले आणि २०२२ मध्ये स्टीम डेक त्याच पायावर उभा राहिला. त्यामुळे अनुवादाचा हा डाव फसेलच असे मी म्हणणार नाही, पण मोठे खेळ हेडसेटवरच सुरळीत चालतील अशी अपेक्षाही कोणी धरू नये.

मला आनंद आहे तो उपकरणाच्या मोकळेपणाचा. मालकाने आपल्या हेडसेटवर हवे ते सॉफ्टवेअर घालावे, हवी ती प्रणाली बसवावी, हे व्हॉल्व्ह उघडपणे मान्य करते. ज्यांनी खाते बंद पडल्यामुळे महागडे उपकरण निरुपयोगी झालेले पाहिले आहे, त्यांना याचे मोल वेगळे सांगायला नको. वजन डोक्याला बांधायच्या पट्ट्यासह ४४० ग्रॅम असून बॅटरी डोक्यामागे आहे, म्हणजे नाकावरचा भार क्वेस्ट ३ च्या ५१५ ग्रॅमपेक्षा बराच कमी वाटायला हवा. व्हॉल्व्हच्याच हाफ लाइफ: ॲलिक्स या व्हीआर खेळासारखा नवा खेळ मात्र सोबत येणार नाही, आणि त्याची खंत मला आहे.

सह्यवासी

तिघांचेही मनःपूर्वक आभार. खडकमाळ यांचा शेवटचा मुद्दा वाचून मी काल चष्म्याच्या दुकानात जाऊन आम्हा दोघांच्या बाहुल्यांमधील अंतर मोजून घेतले. माझे ६४ निघाले आणि पत्नीचे ५८. आमच्या घरी तीच माझ्यापेक्षा अधिक वेळ हेडसेट वापरते, त्यामुळे माझ्या दृष्टीने हा प्रश्न आता ६ गिगाहर्ट्झच्या पट्ट्याच्या प्रश्नाइतकाच गंभीर आहे.

मावसभावाला तूर्त काहीही आणू नकोस असे कळवले आहे. किंमत समजेपर्यंत, बाहेरच्या लोकांनी हेडसेट स्वतंत्रपणे तपासेपर्यंत आणि ६ गिगाहर्ट्झच्या नियमांची स्थिती स्पष्ट होईपर्यंत जुन्यावर काम भागवीन. दरम्यान, बाहुल्यांमधील अंतर ६० पेक्षा कमी असूनही ज्यांनी इतका कमी पल्ला असलेला हेडसेट दीर्घकाळ वापरला आहे, त्यांनी डोळ्यांवर ताण येतो का आणि किती वेळाने येतो, हे कृपया लिहावे.