मदिनेत मायला जियारत (पवित्र ठिकाणांचं दर्शन) कशी करवावी? मदत हवी आहे

सलाम. आम्ही यावलकडचे तडवी. पावसाळा संपला की मायला उमराहला (मक्केच्या यात्रेला) न्यायचं ठरलंय. तिचे गुडघे पार गेलेत. उन्हाची मात्र तिला भीती नाही, जळगावचे मे महिने केळीच्या बागेत काढलेत तिनं.

मक्केत व्हीलचेअरवर सई (सफा-मरवा टेकड्यांमधल्या फेऱ्या) होईल. हिराची गुहा सोडलीच, ती ज्या डोंगरावर आहे तो जबल-ए-नूर खालूनच बघू. अडचण मदिनेची. टूरवाला एकाच सकाळी कुबा आणि किब्लतैन मशिदी, उहुदचा डोंगर सगळं उरकतो म्हणे. मायला कुबात दोन रकात नमाज निवांत पढायचीय आणि उहुदला पैगंबरांचे काका हजरत हमजांच्या कबरीपाशी थांबायचंय. बसच्या घाईत ते कसं जमणार? वेगळी टॅक्सी केली तर किती रियाल घेतात?

दुसरं म्हणजे रियाजुल जन्ना, मस्जिद-ए-नबवीतली पैगंबरांच्या कबरीजवळची जागा. तिथं जायचं परमिट सौदी सरकारच्या नुसुक अ‍ॅपवर काढावं लागतं, बायकांच्या वेळाही वेगळ्या. मायकडे साधा बटनाचा फोन. तिचं परमिट माझ्या फोनवरून निघेल का? आणि आत तिला धरायला कोण? मी तर बाहेरच. बायकोलाही न्यावं लागणार असं दिसतंय, म्हणजे खर्च वाढला.

म्हाताऱ्या माणसाला घेऊन नुकतंच कोणी जाऊन आलं असेल तर सांगा भाऊ.