मदत हवी आहे: गायरानावरच्या पक्ष्यांच्या नोंदी ग्रामसभेत टिकतील का?

नमस्कार मंडळी, जरा लांबड लागणारे, सांभाळून घ्या.

आमचं गाव इंदापूर तालुक्यात. गावाच्या वरच्या अंगाला साठेक एकर गायरान आहे, नुसतं गवत, खडक आणि चार बोरी-हिवराची झुडपं, त्यामुळे सगळे त्याला पडीकच म्हणतात. येत्या जूनला तिथं वृक्षलागवड करायचं घाटतंय, ग्लिरिसिडिया नि करंज, खड्डे उन्हाळ्यातच घेणार. झाडांना विरोध नाहीये हो माझा, हे आधीच सांगतो, गावात तोंड उघडलं की "हा बघा झाडं नको म्हणतोय" सुरू होतं. पण त्याच माळावर धाविक पक्ष्याची वीण होते, घरटं वगैरे काही नाही, उघड्या जमिनीवर दोन-तीन अंडी, खड्यांसारखी, पाय पडायची वेळ येते तेव्हा कळतं. माळटिटवी आहे, डोंबारी आहे, पखुर्ड्या आहेत, आणि थंडीत भोवत्या पक्षी संध्याकाळी गवतातच मुक्कामाला उतरतात. यांना मोकळा माळच लागतो, झाडी वाढली की हे निघाले.

आम्ही पाच-सहा जण (दोन शिक्षक, एक मेडिकलवाला, बाकी कॉलेजची पोरं) दोन वर्षं ईबर्डवर (पक्ष्यांच्या नोंदी करायचं अ‍ॅप) प्रत्येक फेरीत दिसलेल्या पक्ष्यांच्या याद्या टाकतोय. १४० च्या आसपास झाल्यात. मला वाटलं ह्या दाखवल्या की काम झालं. काल रात्री सगळं डाउनलोड करून एक्सेलमध्ये उघडलं आणि डोकं धरून बसलो.

एकाच फेरीची यादी पाच जणांनी वेगवेगळी टाकलीये, म्हणजे धाविकाची एक जोडी आणि कागदावर दहा धाविक. पोरांनी फक्त "भारी" पक्षी लिहिलेत, साळुंकी, होला, चिमणी गायब, आणि शेवटी अ‍ॅप विचारतं ना की ओळखलेले सगळे पक्षी लिहिले का, तिथं बिनधास्त हो. कित्येक ठिकाणी आकड्याच्या जागी नुसता एक्स. काहींनी यादी चहाच्या टपरीवरूनच सुरू केली म्हणून नकाशावर धाविक एसटी स्टँडवर दिसतोय 😅 आणि सगळ्यात वाईट म्हणजे जवळजवळ सगळ्या फेऱ्या नोव्हेंबर ते फेब्रुवारी, रविवार सकाळ. वीण होते त्या उन्हाळ्यात आम्ही घरात पंख्याखाली.

तर प्रश्न असा की हे दुरुस्त होतं का, की सगळं टाकून नव्यानं सुरू करू? आणि ग्रामसभेत नेमकं काय दाखवायचं? खड्डे पडायला सहा-सात महिने आहेत.

प्रतिसाद १

टाकू अजिबात नका. जुन्या याद्या एडिट होतात. जिथं निवडक पक्षीच लिहिलेत तिथं तो "हो" बदलून "नाही" करा, यादी राहते, फक्त पूर्ण म्हणून मोजली जात नाही. एकत्र फिरलात तर एकानंच यादी करायची आणि बाकीच्यांना शेअर करायची, मग ती एकच फेरी धरली जाते.

पूर्ण यादीवर एवढा भर का, तर धाविक किती दिसले यापेक्षा शंभर पूर्ण याद्यांपैकी कितीत दिसला हे टक्क्यात काढता येतं. अर्धवट यादीत तो नाही म्हणजे खरंच नव्हता की लिहिला नाही, कळायला मार्ग नाही. २०२३ चा देशभरातल्या पक्ष्यांचा अहवाल असल्याच याद्यांवर उभा आहे, ३०,००० लोक, ३ कोटी नोंदी, ९४२ प्रजाती, आणि त्यात माळरानाच्या पक्ष्यांची अवस्था फार वाईट निघाली. केरळात २०१५ ते २०२० मध्ये पक्ष्यांचा ॲटलास (कुठं कोणता पक्षी याचा नकाशा) केला तेव्हा तर राज्याच्या चौकटी पाडून कोरड्या ऋतूत एकदा, पावसाळ्यात एकदा असं मोजलं. आवडीच्या जागी नाही, ठरलेल्या जागी.

तुम्ही सहा जागा कायमच्या ठरवा, प्रत्येकी १५ मिनिटं, महिन्यातून दोनदा, एप्रिल-मे धरून. जवळपास जुनी लागवड आहे का कुठं? तिथंही तीन जागा घ्या. खरा पुरावा तोच. झाडीत कोण राहतं आणि माळावर कोण, हे शेजारी-शेजारी दिसू दे.

प्रतिसाद २

वरच्यांचं बरोबर, पण दादा, ग्रामसभेत टक्के कुणी ऐकत नाही हो. मेंढपाळांना पुढे बसवा. चराई गेली तर मेंढरं कुठं न्यायची हा प्रश्न पक्ष्यांपेक्षा जड आहे. आणि जैवविविधता कायदा २००२ चा, त्याखाली गावात जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही (गावातल्या झाडं-प्राणी-पक्ष्यांची नोंद) असायला हवी. ती मागा, त्यात हे पक्षी आहेत का बघा, नसतील तर नोंदवून घ्या. अंड्यांची नेमकी जागा मात्र कुठंही टाकू नका, फोटोवालेच तुडवतील.

मूळ प्रश्नकर्ता

मंडळी, खूप खूप आभार 🙏 पलीकडच्या शिवारात आठेक वर्षांपूर्वीची लागवड आहे, हे सुचलंच नव्हतं. नोंदवहीचं विचारलं तर ग्रामसेवक म्हणाले कपाटात आहे, चावी शोधतो. ५ ते १२ नोव्हेंबर पक्षी सप्ताह आहेच, शाळेची पोरं घेऊन त्या नऊ जागांच्या दगडांना चुना फासून येतो. एकच शंका, मे महिन्यात सकाळी किती वाजेपर्यंत मोजलेलं चालेल? आमच्याकडं नवालाच चटके बसतात.