आमच्या चौकाला सिग्नल हवा की नको?

अनिकेत_कोथरूड
काल सोसायट्यांच्या ग्रुपवर एकांनी लिहिलं, "चौकात सिग्नल बसवून घ्यायचा, ठरलं. ज्यांना पटत नाही त्यांना अपघात व्हायलाच हवे आहेत." रात्रभर ते डोक्यातून गेलं नाही, म्हणून सविस्तर लिहितोय. माझा सिग्नलला विरोध आहे. आणि माझी दोन्ही मुलं याच चौकातून शाळेत जातात.

आपला चौक दिवसातून दोनदा तुंबतो, शाळा भरताना आणि सुटताना. एरवी एखादी रिक्षा, दुधाचा टेम्पो. डेअरीच्या कोपऱ्याला टेम्पो आणि स्कूल व्हॅन लागलेल्या असतात. आतल्या ९ मीटरी रस्त्यावरून येणाऱ्याला पुढचं चाक डीपी रस्त्यावर, म्हणजे विकास आराखड्यातल्या मोठ्या रस्त्यावर, घातल्याशिवाय काही दिसतच नाही. खरं दुखणं हे आहे. चौकाच्या तोंडावर गाडी लावायची नाही हा नियम जुनाच, पण तो राबवतो कोण? सिग्नल आला तरी टेम्पो तिथेच राहणार. दुपारी तीनला मोकळ्या रस्त्यावर लाल दिव्याला जो थांबेल त्याला मागचा हॉर्न मारणार, आणि आठवड्याभरात सगळे तोडायला लागणार. मग हिरवा बघून निर्धास्त निघालेला माणूस जिवाला मुकतो.

रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेने सिग्नलसाठी निकष घालून दिलेत: वाहनं किती, पादचारी किती, आधी अपघात किती. आधी मोजा, मग मागा. माझं मत: कोपरे मोकळे करा, मध्ये गाड्यांनी वळसा घालायला छोटं वर्तुळ करा आणि चारही बाजूंना उंचावलेलं क्रॉसिंग द्या.

पायी_चालणारी
वर्तुळ गाड्यांच्या सोयीचं. त्यात कोणी थांबतच नाही, मग पायी माणसाने शिरायचं कुठून?

माझी आई ७८ वर्षांची आहे, गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. परवा मी घड्याळ लावलं. तो १८ मीटरचा डीपी रस्ता ओलांडायला तिला २९ सेकंद लागले. मध्येच एक बुलेट आली तेव्हा ती माझं मनगट धरून जागच्या जागी उभी राहिली. गेल्या श्रावणात देवळातून येताना स्कूटरचा आरसा तिच्या कोपराला लागला. पिशवीतला बेल रस्त्यावर सांडला, आणि तो मनुष्य मागे वळूनही न बघता गेला. याची कुठे नोंद नाही. निकषात बसायला तिने अजून किती वेळा पडायचं? मला लाल दिवा हवा. तेवढा वेळ तरी रस्ता तिचा असू दे.

सायली_न्यूजर्सी
इकडे आमच्या वस्तीत अशा चौकांना चारही बाजूंनी फक्त 'स्टॉप'ची पाटी असते. जो आधी आला तो आधी जातो. रात्री बाराला चिटपाखरू नसलं तरी गाडी पूर्ण थांबवतात. खर्च चार पाट्यांचा.

अनिकेत_कोथरूड
सायलीताई, तिकडे न थांबल्यास दंडाची पावती येते. इथे १९८९ च्या वाहतूक नियमांपासून लिहिलंय की मुख्य रस्ता ठरवलेला नसेल तर चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. आपल्या चौकात किती जणांना हे ठाऊक आहे, विचारून बघा.

ओव्हरसियर_निवृत्त
दोघांनाही सांगतो. सिग्नलचे पादचाऱ्यांचे सेकंद साधारण १.२ मीटर प्रतिसेकंद चाल धरून काढतात. १८ मीटरला १५ सेकंद. पायी_चालणारी, तुमच्या मातोश्रींना तो दिवासुद्धा अर्ध्या रस्त्यात सोडून देईल. रस्त्याच्या मध्यावर उभं राहायला ओटा आधी मागा. आणि अनिकेतराव, उंचावलेलं क्रॉसिंग म्हणता खरं, पण आपल्याकडे कंत्राटदार त्याचा स्पीडब्रेकर करून ठेवतो.

मणक्याचा_पेशंट
स्पीडब्रेकरचा विषय काढलात म्हणून बोलतो. आमच्या गल्लीत २०० मीटरमध्ये चार आहेत. गेल्या मार्चमध्ये सासऱ्यांना छातीत दुखतं म्हणून ॲम्ब्युलन्समधून नेत होतो. प्रत्येक उंचवट्याला ड्रायव्हर गाडी जवळजवळ थांबवत होता आणि स्ट्रेचरवर ते ओठ दाबून कण्हत होते. ते वाचले. पण त्या चार ठिकाणी गेलेला वेळ मी विसरणार नाही. अजून एक उंचवटा झाला तर मी आडवा पडेन.

चाळीतली_सून
मग आमच्या दारातून ताशी साठने गाड्या जाऊ देत का? माझा मुलगा चार वर्षांचा आहे. तो ब्रेकर आम्ही सह्या गोळा करून मागितला, आणि तो झाल्यापासूनच मी त्याला ओट्यावर खेळायला सोडते.

मणक्याचा_पेशंट
म्हणजे तुमच्या ओट्यासाठी आमचे मणके!

चाळीतली_सून
तुमच्या घाईसाठी माझं पोर का द्यायचं?

ओव्हरसियर_निवृत्त
भांडू नका, दोष ब्रेकरच्या मापात आहे. इंडियन रोड्स काँग्रेसचा गोलाकार गतिरोधक गाडीच्या दिशेने ३.७ मीटर पसरलेला असतो आणि मधोमध १० सेंटिमीटर उंच. ताशी २५ ने गेलं तर पाठीला हिसका बसत नाही. आज सकाळी दूध आणायला गेलो तेव्हा दोरी आणि पट्टी घेऊन आमच्या गल्लीतला मोजला. पसारा जेमतेम सव्वा मीटर, उंची १७. वर पांढरा पट्टा नाही, अलीकडे पाटी नाही. हा डांबराचा ढीग आहे. नोकरीत असताना असे ढीग मीही टाकलेत. फोन यायचा, "संध्याकाळपर्यंत झाला पाहिजे," आणि उरलेलं डांबर ओतून मोकळे व्हायचो. त्याचं आज वाईट वाटतं.

मणक्याचा_पेशंट
काका, हे कबूल केलंत ते बरं केलंत. मापाचा असेल तर ताईंच्या दारातला एक राहू दे. एकच.

जुना_पुणेकर
मापं, निकष कशाला सांगता? विद्यापीठ चौकातले पूल आपल्याच पैशांनी बांधले आणि २०२० मध्ये पाडले. तेव्हा कोणी काय मोजलं होतं?

पायी_चालणारी
ब्रेकर मोजून झाला असेल तर मूळ प्रश्नावर या. उद्या सकाळी आईला देवळात जायचंय.

अनिकेत_कोथरूड
ओट्याचं मी लिहायला हवं होतं, ती माझी चूक. रस्त्याच्या मध्यावर ओटा नसेल तर वर्तुळाचा आग्रह मी सोडतो. सिग्नल मला अजूनही पटलेला नाही. पण शाळेच्या दोन वेळांना हवालदार किंवा वॉर्डन मागायचा अर्ज आज लिहितोय. डेअरीच्या कोपऱ्यावरचे टेम्पो हलवायचं त्यात पहिलं कलम असेल. तुम्ही सही कराल?

पायी_चालणारी
करते. पण खाली माझ्या हाताने लिहीन की सहा महिन्यांत फरक पडला नाही तर सिग्नल. आणि वॉर्डन येईपर्यंत सकाळी साडेसातला तुम्ही तिथे उभे राहा.

अनिकेत_कोथरूड
राहतो. मुलांना सोडायला येतोच, उद्यापासून साडेसातला येईन.